बेळगावचा वात, सोलापूरचं ऊन

सिद्धम्माला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक सोलापूरचं ऊन, दुसरी स्वतःच्या हातची भाकरी. दोन्ही कडक, दोन्ही लेच्यापेच्याला न सोसणारी.

लेकाच्या लग्नात बेळगावच्या विहीणबाई निंगव्वा गुडघे चोळत म्हणाल्या, "आमच्याकडं पाऊस लई, सांधे धरतात." तेव्हा सिद्धम्मानं भर पंगतीत ठणकावून सांगितलं, "सोलापूरला या की! आमच्या उन्हात वात टिकत न्हाय. हितं दगडाला घाम फुटतो, वाताचं काय घेऊन बसलाय?"

बोलायला काय, जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. लेकीच्या सासरी मुक्कामाला जायचं म्हणजे कुठल्याही आईला मरणाची लाज, तेव्हा ही बाई काय येत नसते, असा सिद्धम्माचा अंदाज. पण काही वर्षांनी ऐन चैत्रात निंगव्वा बोचकं घेऊन एसटीतून उतरली.

"आले बाई तुमचं ऊन खायला. लाज तिकडंच ठेवून आले."

सिद्धम्मा हसली खरी, पण हात पदराखाली लपवून हसली.

कारण वात तिच्याही बोटांत शिरला होता. सकाळी उठावं तर बोटं वांग्याच्या देठासारखी, ताठ नि वाकडी. मनगटं सुजून टम्म. जन्मभर हेच ऊन डोक्यावर घेतलेली बाई, आणि तिच्याच हातात वात भाडं न देता बिऱ्हाड करून बसलेला.

सांगून टाकायला काय हरकत होती? होती. त्या घरची रीत अशी, की भाकरीची काठवट जिच्या हातात, घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. सिद्धम्माच्या सासूनं ज्या दिवशी भाकरी थापायची सोडली, त्याच दिवशी जुडगा सिद्धम्माच्या कमरेला आला आणि सासू फाटक्या चादरीसारखी कोपऱ्यात गेली. "खोबऱ्याच्या तुकड्यालासुद्धा म्हातारी माझ्या तोंडाकडं बघायची," असं सिद्धम्मा पूर्वी कौतुकानं सांगत असे. आता ती गोष्ट ती कुणाला सांगत नसे. सून महानंदा, म्हणजे निंगव्वाची लेक, गरीब दिसायची. पण त्या वयात सिद्धम्माही गरीबच दिसायची.

म्हणून तिनं युक्ती काढली होती. घर लिंगायताचं. अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, ध्यान करायचं. त्या वेळी कुणी हाक मारायची नाही. ऊन न्हाणीच्या उंबऱ्याशी आलं की बोटं सुटतात, हे सिद्धम्मानं हेरलं होतं. तिनं पूजा तेवढी लांबवली. बोटं सुटली की पूजा संपली, मग थाटात भाकरीला बसायचं. गल्लीत बोभाटा झाला, सिद्धम्माला लई भक्ती लागलीय. शेजारची बजाबाई तर पाया पडून गेली.

निंगव्वाही दुसऱ्याच दिवशी शेजारी पाट मांडून बसली. ऊन उंबऱ्याशी आलं, सिद्धम्माची बोटं सुटली. एक डोळा किलकिला करून बघते तर विहिणीची पूजा चालूच. बेळगावच्या आधी सोलापूरनं उठायचं? सिद्धम्मानं डोळे मिटले. मग निंगव्वानं एक डोळा उघडला, आणि तिनंही मिटला. एवढा वेळ कुणाच्या तळहातावर बसायची सवय देवालाही नसावी.

गुरुबसप्पा, सिद्धम्माचा लेक, अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात मुकादम होता. तो सायकल धरून दारात खोळंबलेला.

"महानंदा, तूच थाप की दोन भाकरी."

"काठवटीला हात लावू? तुमच्या आईला विचारून या आदी."

"ती पूजेत हाय."

"मग जावा तसंच. दोन दोन म्हाताऱ्या पुण्य करायल्यात, पोट भरंल तुमचं."

दुपारी उपचार असायचा. घरावरच्या माळवदावर चटई टाकून सिद्धम्मा विहिणीला भर उन्हात बसवायची आणि स्वतः खाली सावलीतून ओरडायची, "जळायलाय का वात?"

"वाताचं म्हाईत न्हाय, मी जळायलेय!"

पण थोड्याच दिवसांत निंगव्वानं सगळ्यांदेखत सांगितलं, "फरक हाय बरं का विहीणबाई. बोटं कशी लोण्यागत झाली."

सिद्धम्माची छाती फुगली, आणि तिथंच फुस्स झाली. जन्मभर ऊन मी खाल्लं नि गुण हिला? सूर्यनारायणसुद्धा पाव्हण्यालाच तूप वाढतो म्हणायचा! सांडगे वाळत घालायचं निमित्त करून तीही माळवदावर जाऊन बसली. सांडगे वाळले, डोकं चढलं, बोटं होती तशीच.

मग महानंदाच म्हणाली, "गुण आलाय तर डॉक्टरला एकदा दाखवा. दोघी मिळून जावा. सात रस्त्याजवळचा चांगला हाय म्हणं."

सिद्धम्माच्या तोंडचं पाणी पळालं. सिद्धेश्वराला जाते सांगून ती जायची, ते त्याच डॉक्टरकडं.

"बऱ्या माणसानं डॉक्टरकडं जाऊ ने. तो आजार शोधूनच काढतो."

"खरं हाय बाई," निंगव्वाही मागं सरली. पण गुरुबसप्पानं टांगा आणून उभा केला होता.

दवाखान्यात बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. सिद्धम्मा पदर नाकापर्यंत ओढून कोपऱ्यात टेकली. इतक्यात कंपाउंडर मानसिंग आतून ओरडला, "या या सिद्धम्मा! गोळ्या इतक्यात संपल्या व्हय? आन् तोंड कशापायी झाकलंय? वात बोटांत हाय का नाकात?"

सारा दवाखाना हसला. निंगव्वा तेवढी हसली नाही. ती सिद्धम्माच्या बोटांकडं बघत राहिली.

डॉक्टरांनी दोघींची बोटं दाबली. दोघी सारख्याच किंचाळल्या. तरी सिद्धम्मानं शेवटचा बुरूज लढवला, "उन्हानं वात जातो की न्हाय, तेवढं सांगा डॉक्टरसाहेब."

"उबेनं काहींना बरं वाटतं, ठणका कमी होतो. काहींना तेवढंही नाही. ऊन कातडीवर पडतं, आजी, हा आजार आतला आहे. सकाळी आखडलेली बोटं नंतर सुटतात ना? ती हिवाळ्यातही सुटतात. आणि बाहेर बसलेत ते कोण, काश्मीरचे? उन्हानं वात गेला असता तर सोलापुरात मी माश्या मारत बसलो असतो."

बाहेर येऊन दोघी रसाच्या गाड्याजवळच्या बाकड्यावर टेकल्या. पेला दोघींनीही दोन्ही हातांनी धरला.

"म्हणून एवढी पूजा व्हय?" निंगव्वा म्हणाली.

"आन् तुमची? लोण्यागत बोटं ना?"

"कसलं लोणी, दगड! पण बरं वाटंना म्हणलं असतं तर तुमी मला दुसऱ्या दिशी एसटीत बसवलं असतं."

"बसवलंच असतं."

"तिकडं सुना लई जपतात मला. खाट, उशी, दूध. कुणी भांडत न्हाय माज्यासंगं. जपून जपून मारायल्यात. हितं तुमी तोंडावर टाकून बोलता, तर वाटतं अजून जित्ती हाय मी."

सिद्धम्मानं रस संपवला. "महानंदाला सांगणार तुमी."

"लेक हाय माजी. किल्ल्या तिच्या कमरंला आल्या तर मला वाईट वाटंल व्हय?"

सिद्धम्मानं रिकामा पेला बाकड्यावर ठेवला आणि टांग्याकडं निघाली. घरापर्यंत तिचा हात कमरेच्या जुडग्यावर होता.

दारातच महानंदानं विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणाले..." निंगव्वानं तोंड उघडलं.

"थांबा," सिद्धम्मा म्हणाली. "माज्या घरची गोष्ट माज्या तोंडानं निघंल."

तिनं कमरेच्या जुडग्याला हात घातला. गाठ सुटेना. निंगव्वा मदतीला सरसावली, तर तिचीही बोटं गाठीवरून नुसती घसरायची. दोघी झोंबल्या, गाठ होती तिथंच. शेवटी महानंदा पुढं आली आणि एका हिसक्यात ती सोडवली.

"मला म्हाईत होतं, आत्ती. तुमी सकाळी तांब्या दोन्ही हातांनी धरता. कदीपासनं बघायलेय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी पूजेत होता."

निंगव्वा तोंडाला पदर लावून फिस्सकन हसली. सिद्धम्मानं तिच्याकडं डोळे वटारले, मग सुनेकडं वळली. "काठवट घे, किल्ल्याबी घे. पण कुठलं कुलूप कदी उघडायचं, ते मी सांगीन."

"आन् मी," निंगव्वा म्हणाली.

"तुमाला कुणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी दोघींची पूजा चुलीवरचं दूध वर यायच्या आत आटोपली. गुरुबसप्पा गरम भाकरी बांधून वेळेवर कारखान्यात गेला. सिद्धम्मानं सुनेची भाकरी उजेडात धरून पाहिली. "ही भाकरी हाय का बसायचा पाट?" म्हणाली, आणि अर्धी मोडून विहिणीला दिली.

कुंपणापलीकडून बजाबाईनं विचारलं, "विहीणबाईंचा वात गेला का गं उन्हानं?"

"यंदाचं ऊनच हलकं निघालं," सिद्धम्मा म्हणाली. "त्या आता हिवाळा बघून जातील."