दिवा बाहेर ठेव

माघ सरत आला होता. कृष्णाकाठचा ऊस तोडणीला आला होता आणि त्याच्या रुपेरी तुऱ्यांवर उतरतीचे ऊन असे विसावले होते, की वाटावे, साऱ्या शिवारानेच चंदेरी शेला पांघरला आहे. गुऱ्हाळांचा निळसर, मधुगंधी धूर झाडांच्या कमरेपर्यंत चढे आणि तिथेच रेंगाळे. दूर कुठेतरी कोयत्यांची लय, कुठेतरी बैलांच्या गळ्यातला किणकिणाट.

त्या सुवर्णधूसर वेळी, मिरजेजवळच्या एका गावात, कौलारू घराच्या ओसरीवर अच्युत मास्तर गाणे ऐकत बसले होते.

त्यांचे गाणे गावाचे नव्हते. गाव भजनाचे, सनई-चौघड्याचे, लग्नातल्या बँडबाजाचे. मास्तरांचे गाणे सातासमुद्रांपलीकडचे. हायस्कुलात त्यांनी जन्मभर पोरांना रंग कालवायला शिकवले. त्यांच्या स्वतःच्या जिण्यात रंग कालवला तो त्या परक्या, पिंगट केसांच्या सुरांनी.

ते विशीत होते, तेव्हा मिरजेच्या दवाखान्यातला एक परदेशी डॉक्टर मायदेशी परतला. जाताना त्याने घर वाटून टाकले. कुणाला पलंग मिळाला, कुणाला बिलोरी आरसा. अच्युत त्याच्या मुलींना चित्रकला शिकवायला जाई. त्याच्या वाट्याला आला एक रेकॉर्ड प्लेअर आणि काळ्या, तकतकीत तबकड्यांची पेटी.

त्या पेटीत वादळे होती. विजेच्या गिटारी अशा, की लोहाराच्या ऐरणीवरून ठिणग्या उधळाव्यात. ड्रम असे, की संबळाला ताप चढावा. गाणारे असे, की जणू कुणी त्यांचे आभाळच चोरून नेले आहे आणि ते परत मागायला निघाले आहेत. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारत, "मास्तर, फडताळ कोसळलं का हो?" मास्तर हसत आणि आवाज किंचित कमी करीत. किंचितच.

आणि त्या वादळांच्या तळाशी एक शांत तबकडी होती. एक माणूस, एक साधी गिटार, एक माउथ ऑर्गन. दारोदार फिरणाऱ्या एखाद्या जोग्याने आपल्याच एकतारीशी बोलावे, तसा तो गाई. पुरात भिजून त्या तबकडीचे वेष्टन कधीच गेले होते. गाणाऱ्याचे नावही त्याबरोबर गेले. उरला नुसता आवाज. वाळूसारखा खरखरीत, वाळूसारखाच ओलावा धरून ठेवणारा.

मास्तरांचे इंग्रजी बेतास बात. गाणाऱ्याचे शब्द ओठांतच विरघळणारे. वर सुईची खरखर. त्या साऱ्या धुक्यातून दोनच ओळी मास्तरांच्या हाती लागल्या होत्या. पुट द लॅम्प आउट. आय ॲम ऑन द रोड.

लग्न होऊन शालन घरात आली, तेव्हा तिने तांदूळ निवडता निवडता विचारले होते, "अहो, हा एवढा काकुळतीला येऊन काय म्हणतोय?"

"म्हणतोय, दिवा बाहेर ठेव. मी वाटेवर आहे."

"म्हणजे घरी येतोय?"

"मग! घरीच येतोय."

शालनने मान हलवली. आणि त्यानंतर, मास्तरांना मिरजेहून परतायला उशीर होई तेव्हा तेव्हा, ओट्यावर कंदील असे. पावसात कंदील, थंडीत कंदील. घरात वीज आली, ओट्यावर दिव्याचे बटण आले, तरी कंदील होताच. मास्तर सायकलवरून वळण घेत आणि तो पिवळा, इवलासा, थरथरता ठिपका पाहून त्यांच्या मनात माउथ ऑर्गन वाजू लागे. आपण एका गाण्यात राहतो, असे त्यांना वाटे. गाण्यात राहणारी माणसे गावात दुसरी नव्हती.

शालनला जाऊन आता दोन वर्षे होत आली होती.

त्या दिवशी पुण्याहून शर्वरी आली होती, त्यांची एकुलती लेक. पुण्यात इंग्रजी शिकवणारी, आईसारखी भुवया उंचावून हसणारी. बाबांसाठी तिने एक छोटासा स्पीकर आणला होता. नारळाएवढा, पण आवाज धबधब्याएवढा. जुना प्लेअर अलीकडे अडखळत असे.

"बाबा, तुमचं ते गाणं सापडलं," ती म्हणाली आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. "ऐका तरी."

गाणे सुरू झाले. खरखर नव्हती. सुईचा श्वास नव्हता. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ, इतका जवळ, की गाणारा ओसरीच्या खांबाला टेकून बसला असावा. आणि मोबाइलच्या काचेवर, सुरांच्या पावलाला पाऊल लावून, शब्द उमटू लागले.

मास्तरांनी चष्मा सारखा केला. जन्मभर ज्या चेहऱ्यावर घुंगट होता, तो चेहरा आता उघडा होत होता. पुट द लॅम्प आउट. आय ॲम ऑन द रोड. ते हसले. मग पुढची ओळ आली. ती त्यांनी कधीच ऐकली नव्हती, माउथ ऑर्गन दरवेळी तिच्यावरून वाहून जाई.

डोन्ट वेट.

"शर्वरी," ते म्हणाले, "वाट बघू नकोस, असं का म्हणतोय हा?"

शर्वरीने गाणे थांबवले.

"सांग ना. येतोय ना घरी?"

"नाही, बाबा." तिने खाली पाहिले. "तो निघून चाललाय. जिच्यासाठी गातोय ती झोपलीय, आणि हा दारातून सांगतोय. पुट आउट म्हणजे... मालव. दिवा मालव, म्हणतोय. माझी वाट पाहू नकोस."

ऊन ओसरीवरून उतरले. तुऱ्यांवरची चांदी राखाडी झाली. मास्तरांना काही कळेना. हातातला मोबाइल कुठे ठेवावा, हेही कळेना. ठेव आणि मालव. एवढासा फरक, आणि त्या फरकात त्यांचे सगळे संध्याकाळचे आयुष्य मावलेले.

आणि मग बाकीच्या तबकड्या? जिथे ते आनंदाने ताल धरीत, तिथे कुणी रडत होते का? ज्या गर्जना त्यांना क्रोधाच्या वाटल्या, त्या अंगाई होत्या का? पन्नास वर्षे आपण कुणाच्या घरी, कुणाच्या दुःखात, जोडे न काढता वावरत होतो? की ते घर आपलेच होते, आपणच बांधलेले, आणि गाणारा फक्त पाहुणा?

"बरं झालं, तुझ्या आईला कळलं नाही," ते शेवटी म्हणाले.

शर्वरीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, आईला माहीत होतं."

झाडांत पाखरांचा कल्लोळ उसळला आणि ओसरला.

"मी कॉलेजात होते. सुट्टीत आले तेव्हा तिनं त्या ओळीचा अर्थ विचारला होता, मी सांगितला. खूप हसली. मग म्हणाली, त्यांना सांगू नकोस बरं का. त्यांचंच गाणं चांगलंय."

"हसली?"

"हसली. आणि त्याच संध्याकाळी तिनं कंदील बाहेर ठेवला. तुम्ही मिरजेला गेला होतात."

मास्तरांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांत एक सांजवेळ उगवली. शालनची शेवटची. वीज गेलेली, उशाशी कंदील, तिचा चेहरा मेणासारखा पारदर्शक, पिवळसर. बोलणे जवळजवळ थांबले होते. त्या वेळी तिने ओठ हलवले होते आणि मोडक्या, कोवळ्या, कधी न शिकलेल्या इंग्रजीत ती ओळ उच्चारली होती. पुट द लॅम्प आउट.

त्यांना भरून आले होते. त्यांनी कंदील उचलला होता आणि ओट्यावर नेऊन ठेवला होता. बाहेर उजेड पडला, खोलीत काळोख. परत येऊन त्यांनी तिचा हात हातात घेतला तेव्हा ती म्हणाली होती, "बरं वाटलं." पहाटे ती गेली.

बरं कशाने वाटले होते?

उजेड डोळ्यांना खुपत होता म्हणून? की वाटेवर कुणीतरी होते, त्याला दार दिसावे म्हणून? कुणाच्या भाषेत ती बोलली? गाणाऱ्याच्या, की नवऱ्याच्या? निघालेय, वाट पाहू नका, असे तिला म्हणायचे होते का? आणि आपण, खुळे, तिच्यासाठी दिवा लावून बसलो?

हे सारे त्यांनी शर्वरीला सांगितले, तुटक तुटक, उलटसुलट. ती भाषेची जाणकार. तिने तरी एक अर्थ निवडून हातात द्यावा, अशी त्यांची आशा होती. पण ती आई नसलेल्या त्या घरात, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता रडू लागली.

"मला नाही सांगता येत, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्याला गेली. निघताना स्पीकर तिने पुन्हा पिशवीत घातला होता. मास्तरांनी तो काढून घेतला. "राहू दे," ते म्हणाले. "ऐकेन. आता दोन गाणी झालीत माझी." म्हणाले खरे; पण त्यांतले कुठले लावायचे, ते त्यांना ठाऊक नव्हते.

घर खायला उठले, म्हणून ते घाटाकडे निघाले. नदीवर दाट धुके होते. दुधाळ, लोकरीसारखे, आभाळ आणि पाणी एकाच रंगात कालवणारे. पायऱ्या दोन-चार दिसत, मग विरून जात. पलीकडचा काठ नव्हताच.

खालच्या पायरीवर भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी उभी होती. पैलतीरीच्या बाजाराला निघालेली. धुक्यातून वल्ह्याचा आवाज येत होता. छप्. छप्. मंद, ओला, एकसुरी.

"नाव आली का गेली वो, मास्तर?" तिने विचारले.

मास्तरांनी कान दिला. जन्मभर ऐकण्यावर जगलेला माणूस तो. आवाज जवळचा होता, दूरचा होता. वाढत होता, विरत होता. त्यांनी पुन्हा ऐकले. पुन्हा ऐकले.

"कळत नाही, आजी," ते म्हणाले.

"मग बसा की जरा," ती म्हणाली आणि पाटी सरकवून तिने त्यांना जागा केली.

ते बसले. दगड गार होता, भाजी दवाने भिजलेली. आणि समोर, शुभ्र, शब्दहीन, अथांग धुक्यात कुठेतरी, वल्हे पाण्यात बुडत होते, वर येत होते. छप्. आणि छप्. आणि छप्.