अजून कच्ची आहेत

लिफ्टमनकाका उभ्या आयुष्यात एकच खोटं नेटाने बोलले, आणि तेही केळ्यांवरून.

त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून गेली. साहेबांना वर नेलं, कारकुनांना खाली आणलं, आणि स्वतःला राहायला मिळालं ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. हा विनोद त्यांना इतक्या जणांनी ऐकवला होता की समोरच्याने तोंड उघडायच्या आत काका स्वतःच हसून मोकळे होत. पुढे काकूंचे गुडघे गेले, त्यांचं जिना उतरणं बंद झालं, आणि त्या विनोदावर घरात कुणाला हसू येईनासं झालं.

इथे काकूंच्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. काकूंना दिवस गेले होते आणि त्यांना केळ्यांवाचून काही सुचत नव्हतं. दोघं फळांच्या गाडीपाशी थांबली. काकूंनी एक फणी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला, भाव विचारला आणि फणी अलगद परत ठेवली. "अजून कच्ची आहेत," त्या म्हणाल्या. काका बिचारे साधेसरळ. केळी हळदीसारखी पिवळी, वर काळे ठिपके, तरी त्यांनी मान डोलावली. पुढे खुर्च्या घ्यायला गेले तर लाकूड कच्चं निघालं. हिरव्या साडीचा रंग कच्चा निघाला. काकांना वाटायचं, आपली बायको भारी चोखंदळ आहे. मग एकदा लेकीसाठी चप्पल घ्यायला तिघं बाजारात गेली. अजून शाळेतही न जाणाऱ्या त्या पोरीने लाल चप्पल पायात घातली, दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकला, आईकडे पाहिलं आणि चप्पल काढून ठेवत म्हणाली, "नको बाबा, कच्ची आहे."

त्या दिवशी काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. लाल चप्पल त्यांनी घेतलीच, पण उशिरा समजल्याचा चटका काही गेला नाही. आपण हिला चोखंदळ समजत राहिलो आणि ही एकेक वस्तू हातातून खाली ठेवत गेली, हे त्यांना फार लागलं.

तर गुडघे गेल्यावर काकूंच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर बजावलं, "रोज दोन केळी. चुकवायची नाहीत." तेव्हा केळी तिसाला डझन होती. काकू डब्यातून तीस काढून देत, काका खाली उतरून घेऊन येत. काही महिन्यांत भाव चाळीस झाला आणि काकांनी घरी येऊन खरं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग कच्चीच असणार. राहू दे, चारच आणत जा." दोन केळ्यांचं एक झालं, एकाचं अर्धं. गोळे परत यायला लागले. पाय हातात धरून त्या बसायच्या आणि काका तेल लावायचे. आठवडाभर काकांनी हे पाहिलं आणि एक दिवस जिना चढून वर येताच धापा टाकत जाहीर केलं, "अगं, केळी उतरली! परत तीस!"

तेव्हापासून त्या घरात केळी तीसवरच राहिली. खाली पन्नास झाली, साठ झाली, सत्तर ओलांडली, पण महागाईला काही चौथा मजला चढता आला नाही. कांदे, दूध, साबण यांचे भाव काका अगदी खरे सांगत, त्यामुळे केळ्यांवर संशय घ्यायला जागाच नव्हती. "पीक अमाप आलंय म्हणे," ते दरवर्षी सांगत. वरचे पैसे त्यांच्या खिशातून जात, आणि तो खिसा तरी केवढा? काकू महिन्याला जे हातखर्चाला देत तेवढाच. काकांनी आधी पेपर बंद केला, डोळे दुखतात म्हणून. मग न्हाव्याकडे जाणं सोडलं, तो फार बोलतो म्हणून. आरशासमोर स्वतःच दाढी करताना हनुवटी रोज कुठेतरी कापून घ्यायचे. घरात केळं मात्र तोंडात घालायचे नाहीत. "मी खालीच गाडीवर एक खाऊन येतो," असं सांगून सुटायचे.

खरी गंमत पुढे झाली. केळी स्वस्त म्हटल्यावर काकूंचा हात एकदम सैल सुटला. जन्मभर मुठीत धरलेली काटकसर त्यांनी केळ्यांपुरती सोडून दिली. जिना झाडणारीला दोन, पोस्टमनला दोन, शेजारीण साखर मागायला आली तर साखरेबरोबर चार. "घ्या हो, तिसाला तर डझन आहेत!" असं म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की काका बघत राहायचे. देण्याची हौस या बाईला पहिल्यापासून होती, तिला परवडत काय ते नव्हतं. मग काकांनी खाली टपरीवरचा चहाही सोडला.

हे असंच चाललं असतं. पण लेकीने हट्ट धरून आईचे दोन्ही गुडघे बदलून घेतले. व्यायाम शिकवणारी बाई येऊ लागली, काकू आधी खोलीत चालल्या, मग गॅलरीत. आणि एका सकाळी त्या बाईने हसतमुखाने सांगितलं, "उद्या जिना उतरायचा. कोपऱ्यापर्यंत जाऊन या."

काकूंना आभाळ ठेंगणं झालं. काकांच्या तोंडचं मात्र पाणी पळालं, कारण कोपऱ्यावरच केळ्यांची गाडी होती. भाव कळला की केळी बंद होणार, पायांचे गोळे परत येणार, आणि देताना खुलणारा तो चेहरा पुन्हा दिसणार नाही. काका तडक खाली गेले.

केळीवाली त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, या वयात मला नाटकात काम करायला लावताय? गाडीवर चार गिऱ्हाइकं असतात. एकीला तीस सांगितलं तर बाकीची मला तिसातच सोलतील!"

"मग निदान गप्प तरी राहा. मी बोलेन."

"गप्प राहते. भावाचा पुठ्ठाही उलटा ठेवते. पण काकूंनी तोंडावर विचारलं तर खोटं बोलायची नाही हं मी."

दुसऱ्या दिवशी काकू एकेक पायरी मोजून मापून उतरल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांनी असा श्वास घेतला की काकांना भरून आलं. तरीही त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. "उजवीकडे जाऊ या का? तिकडे सावली आहे."

"छे! मला केळीवालीला भेटायचंय. इतकी वर्षं स्वस्तात देतेय बिचारी, दोन शब्द बोलायला नकोत?"

गाडीपाशी पोचल्यावर काकूंनी एक फणी उचलली आणि नाकाशी नेली. भावाचा पुठ्ठा उलटा होता. केळीवाली तराजू पुसत होती, पुसून झालेला तराजू पुन्हा पुसत होती. सगळं निभावलं असतं, पण तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला आणि त्याने स्कूटरवरूनच विचारलं, "काय भाव?"

केळीवालीने चार बोटं दोनदा दाखवली.

"ऐंशी?" तो ओरडला. "काल पंचाहत्तर होती ना!" आणि न घेताच निघून गेला.

काकूंच्या हातात फणी तशीच होती. त्यांनी केळीवालीकडे पाहिलं. "ऐंशी?"

"हो काकू. आजपासून. मागल्या वर्षी साठ होती. त्याआधी..." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "चाळीसच्या खाली तर मी किती वर्षांत दिली नाहीत."

काकू काकांकडे वळल्या. "परवा मी पोस्टमनला चार दिली."

"दिलीस."

"आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

"बघत नव्हतो. हिशेब करत होतो."

केळीवालीला हसू फुटलं, ते तिने पदरात लपवलं. काकू हसल्या नाहीत. त्यांची नजर काकांच्या हनुवटीवर गेली. तिथे सकाळचा ताजा काप होता.

"न्हावी फार बोलतो, नाही का?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि खाली एक केळं खाऊन येता, ते? काय गं, खातात का हे इथे?"

"मी तर यांना कधी एकही सोलताना पाहिलं नाही," केळीवाली म्हणाली, आणि मग काकांची माफी मागितल्यासारखं तिने खाली पाहिलं.

काकूंनी फणी दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं, "पेपरपण कच्चा होता का हो?"

स्वतःचा शब्द हिने आपल्याला लावला, हे काकांना कळलं. चोर पकडला जावा तसे ते उभे होते, पण लाज वाटण्याऐवजी त्यांना फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

काकूंचा हात खाली गेला. फणी गाडीवर टेकली. तो हात काकांच्या ओळखीचा होता, ते अलगद ठेवणंही ओळखीचं होतं. संपलं, ते मनात म्हणाले. आता ही ते तीन शब्द बोलणार. त्यांनी मान फिरवली.

पण काकूंनी हात मोकळा केला होता तो पर्स उघडायला. पैसे काढून झाल्यावर त्यांनी एक केळं बोटांनी दाबून पाहिलं.

"पिकलीत," त्या म्हणाल्या. आवाज जरा कापला, म्हणून त्यांनी पुन्हा नीट सांगितलं, "चांगली पिकलीत. दे डझनभर."

"काकू, आजच्या दिवस तीसच द्या," केळीवाली म्हणाली.

"का? ऐंशी म्हणालीस ना? मग ऐंशी घे." पैसे देताना मात्र त्यांचा जुना स्वभाव जागा झाला. "वर एक टाक पण."

परत येताना दुसऱ्या मजल्यावर काकूंना दम लागला. दोघं पायरीवर बसली. काकूंनी पिशवीतून वरचं ते केळं काढलं, सोललं आणि काकांपुढे धरलं.

"उद्यापासून पेपर घ्यायचा," त्या म्हणाल्या. "पोस्टमनला एकच देईन. आणि तुम्ही माझ्यासमोर खायचं, मला दिसेल असं."

काकांनी केळं घेतलं. इतक्या वर्षांत त्याची चव विसरायला झालं होतं. एक घास तोंडात गेला आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

काकूंनी पदराच्या टोकाने त्यांची हनुवटी टिपली, कापलेल्या जागेला लागू नये अशा बेताने.

"कच्चं आहे का?" त्यांनी विचारलं.

काकांच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.