उजवीकडे वळायचं नाही

मी बूट बोलतोय. पायातला नव्हे, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागचा, घड्याघड्यांचा, काळा रबरी बूट. चाकाला ताकद पोचवणाऱ्या लोखंडी सांध्यावर मला बाहीसारखं चढवलेलं असतं. आत ग्रीस धरून ठेवायचं, धूळ बाहेर अडवायची, एवढंच माझं काम.

साच्यातून निघालो तेव्हा कारखान्यातल्या एका बाईने मला दोन्ही हातांनी पिळून पाहिलं. "टिकेल हा," ती म्हणाली. मी ते फार मनावर घेतलं होतं.

आमचे मालक अप्पा. सुट्टीच्या दिवशी गाडीचं बॉनेट पुसायचे आणि त्यात स्वतःचे केसही बघून घ्यायचे. खाली वाकून मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. कमरेचं निमित्त होतं.

ऊन खात मी कडक होत गेलो. एकदा खडीच्या रस्त्यावर घडीला चीर गेली. दुखलं नाही; पण ग्रीस उडून जायला लागलं, वाळू आत शिरली, तेव्हा भीती म्हणजे काय ते कळलं. सांधा कोरडा पडला. सरळ रस्त्यावर तो गप्प असायचा. गाडी उजवीकडे वळली की भार आमच्या अंगावर यायचा आणि तो कण्हायचा. टक. टक. टक.

अप्पांनाही ते ऐकू आलं असणार, कारण त्यांनी उजवीकडे वळणंच सोडलं. बाजार लागायचा चौकातून उजव्या हाताला. पण अप्पा चौक सरळ ओलांडायचे, मग डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, असा वळसा घालून भाजी आणायचे. "इकडून गर्दी नसते," म्हणायचे. अगदीच गत्यंतर नसलं तर रेडिओ मोठा करायचे.

अशात घरात सून आली. ती मागे, माझ्या बाजूच्या खिडकीशी बसायची. फारसं बोलायची नाही, पण टक झालं की तिची पावलं पत्र्यावर घट्ट रोवली जायची. मला ते खाली जाणवायचं. एकदा तिने विचारलंच, "आवाज येतोय का कसला?"

नवरा हसला. "नव्या घरात सगळंच वाजतं."

"माझं वय झालं, गाडीचंही झालं," अप्पा म्हणाले. "सांधे वाजायचेच."

गाडीला नावं ठेवणं म्हणजे अप्पांनाच नावं ठेवणं, आणि त्या घरात चहात साखर किती, हेही तिला अजून विचारावं लागत होतं.

मग नणंद बाळंत झाली. तिला आणि तान्ह्याला घाटापलीकडून आणायचं ठरलं. याच गाडीने. घाट हा शब्द ऐकला आणि माझं उरलंसुरलं रबर आकसलं. घाटात अप्पा नुसती डावी वळणं कुठून आणणार होते?

आदल्या दिवशी अप्पा पेट्रोल भरायला निघाले. "मीही येते," सून म्हणाली आणि पुढे बसली. शाळेची लांबलचक भिंत लागली तशी तिने रेडिओ बंद केला, काच खाली घेतली.

"अप्पा, इथून उजवीकडे घ्याल?"

"उजवीकडे काय आहे?"

"काही नाही. घ्या ना."

आवाज सापडला तर मेकॅनिकची सुरी माझ्यावर चालणार होती. नाही सापडला तर उद्या घाट होता. मला दोन्हींची भीती वाटत होती. गाडी वळली. भिंतीने आमचा एकेक टक जसाच्या तसा परत केला.

"खडा अडकला असेल," अप्पा म्हणाले.

"मग काढून घेऊ. बाळ असणार आहे गाडीत."

गॅरेजमध्ये मेकॅनिकने काचा उघड्या ठेवून, स्टिअरिंग पूर्ण पिळून गोल फेरी मारली. आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग चाक उचललं. आतल्या बाजूला उडालेल्या काळ्या ग्रीसवर त्याने बोट फिरवलं. बोटाला वाळू लागली.

"काका, बूट फाटून बरेच दिवस झालेत."

अप्पा चपलेने जमीन कोरत राहिले.

सुरी चालली. सांधा बाहेर आला. आतल्या पोलादी गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तडकला होता. त्यातली एक गोळी घरंगळत अप्पांच्या चपलेशी येऊन थांबली.

"कुठे लांब जायचं होतं का?"

"उद्या. घाटातून," सून म्हणाली.

मेकॅनिकने हातातलं फडकं खाली ठेवलं. "चढाच्या वळणावर हा सुटला असता, तर इंजिन नुसतं ओरडलं असतं. चाकाला काही पोचलं नसतं. गाडी मागे आली असती, काका."

अप्पांनी ती गोळी उचलली. खूप वेळ मुठीत धरली.

"सूनबाई," ते म्हणाले, "बरं झालं, खडा निघाला."

"हो, अप्पा."

मी आता भंगाराच्या डब्यात आहे. इथून गॅरेजचं फाटक दिसतं. नवा सांधा, नवा बूट घालून आमची गाडी फाटकाशी थांबली, जराशी घुटमळली आणि उजवीकडे वळली. मी कान देऊन होतो. काही वाजलं नाही.

पण आत्ताच दुसरी एक गाडी रस्त्यावरून वळली. मागच्या सीटवर पोरं, काचा बंद, आत गाणं मोठ्याने. आणि चाकापाशी, टक. टक. टक.

काच जरा खाली घ्या हो. निदान वळताना तरी.