एकची गाडी

घड्याळ ही माणसाने स्वतःच्या मनगटावर आपणहून चढवलेली बेडी आहे, हे सत्य मला त्या गावात उमगलं. शनिवारी सकाळी उमगलं आणि रविवारी दुपारी एकपर्यंत टिकलं.

गाव पर्यटकांच्या कुठल्याच यादीत नव्हतं, म्हणून तर आम्ही गेलो होतो. अरुंद दगडी गल्ल्या, रस्त्याच्या मधोमध झोपलेलं कुत्रं आणि त्याला वळसा घालून जाणारी माणसं. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून समोरच्या शिंप्याकडे गप्पा मारायला जायचा. थोड्या वेळाने साबणासकट गिऱ्हाईकही जायचं.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "इथे माणसाला माणसासाठी वेळ आहे."

असं मी दोन दिवसांत अकरा वेळा म्हणालो. आकडा बायकोचा.

सोमवारी सकाळी आठला बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू, म्हणजे तसं किरकोळच. पण ज्या माणसाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही, त्याने फोनवर विचारलं होतं, "तू असशील ना रे?" मी म्हणालो होतो, "म्हणजे काय बाबा!"

एकची बस, दोन तासांवर जंक्शन, तिथून चार वीसची रेल्वे आणि पहाटे घर, असा बेत होता. दिवसाला बस एकच.

एकला आम्ही बसमध्ये बसलो. दीड वाजला.

"एकची ना ही?" मी कंडक्टरला विचारलं.

"एकचीच. बरोब्बर एकला लागते."

"सुटते कधी?"

"सगळे आले की."

यायचे राहिले होते एकटे मास्तर. दर रविवारी ते या गाडीने लेकीकडे जातात. जेवून जरा आडवे होतात, आणि त्यांना उठवायचं नाही अशी पद्धत आहे. "बावीस वर्षांत या गाडीने कुणाला मागे टाकलेलं नाही," कंडक्टर म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता.

"माणसाला माणसासाठी वेळ आहे," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

गावात भाड्याची जीप एकच होती. तिचा मालक माझ्या मागच्याच सीटवर बसला होता. जीप जंक्शनला गॅरेजमध्ये होती आणि तीच आणायला तो निघाला होता.

दोन वाजता माझा धीर सुटला. मी उभा राहिलो आणि सगळ्या बसला बाबांची हकीकत सांगितली. चूक झाली ती इथेच.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" ड्रायव्हर कळवळला. बसभर च्‌च्‌ झालं. "चला रे, उठवू मास्तरांना!" म्हणत ड्रायव्हर, जीपवाला आणि आणखी दोघं धावत सुटले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाचच मिनिटांत दुसऱ्या गल्लीतून मास्तर आले. एकटे, शर्टाची बटणं लावत.

"सगळे कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना आणायला गेलेल्यांना आणायला कंडक्टर गेला. त्या चौघांना मास्तरांच्या दाराला कुलूप दिसलं होतं. मास्तर जवळपासच कुठे गेले असतील, येतीलच, म्हणून ते पायरीवर वाट बघत बसले होते. अर्धा तास झाला तरी कंडक्टरही परतेना. मी उठून धावणार, तेवढ्यात बायकोने बाही धरली.

"तू जाऊ नकोस. गाडी मग तुझ्यासाठी थांबेल."

मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "उशीर होतोय का? असं होऊ नये म्हणून तर मी आज लवकर उठलो."

बस तीनला दहा कमी असताना सुटली. जंक्शनला पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. रेल्वे वेळेवर गेली होती. आख्खी बस आमच्याबरोबर प्लॅटफॉर्मवर आली आणि रिकाम्या रुळांकडे बघत उभी राहिली. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय नव्हती.

"पुढची उद्या सकाळी सहाला," जीपवाला हळूच म्हणाला.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "जपून या."

सोमवारी संध्याकाळी सातला आम्ही घरी पोचलो. बाबा शेजारच्या पेपरवाल्याबरोबर रिक्षाने गेले होते आणि रिक्षानेच परत आले होते. ऑपरेशनला अठरा मिनिटं लागली.