दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मित्रांनो, मी स्टेशनवरचं एक जुनं घड्याळ आहे आणि पहिल्यापासून लबाड आहे. दोष माझा नाही, संगत स्टेशनमास्तरांची.

मला खांबावर टांगलं तेव्हा इथे नुसतं गवत आणि एका शिंप्याचं घर. शहरात कामाला जाणारी माणसं लांबून पायवाटेनं यायची आणि आठ वाजून दहाच्या गाडीचा शेवटचा डबा बघून परत फिरायची. वरून फर्मान आलं, रोज चाळीस माणसं चढली नाहीत तर थांबा बंद.

मास्तर शिडीवर चढले, इकडेतिकडे पाहिलं आणि माझे काटे दहा मिनिटं पुढे सारले. "कुणाला बोललास तर बघ," मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लांबूनच मला बघून त्रेचाळीस माणसं धापा टाकत वेळेवर हजर.

थांबा टिकला तशी घरं उगवली. आधी एक ओळ, मग गल्ल्या, बेकरी, शाळा. प्रत्येकानं एक तरी खिडकी माझ्याकडे तोंड करून बसवली. तोवर माझी लबाडी सगळ्यांना कळली होती म्हणा. शिंपी गच्चीतून मला बघायचा आणि "अजून दहा मिनिटं आपली" म्हणत दुसरा चहा मागायचा.

त्याची बायको म्हणायची, "घड्याळ लबाड, तुम्ही सवाई."

मग एका सकाळी थांबा ठेवायचा की नाही हे ठरवायला मोजणीचे साहेब आले. त्यांनी आपलं मनगट पाहिलं, मला पाहिलं आणि शिडी मागवली. "रेल्वेत असली बेशिस्त?" काटे मागे. 

गाडी आली. चढलं कोण? एकटा शिंप्याचा नवा जावई. त्याला बिचाऱ्याला माझ्या लबाडीबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी वहीत 'एक' लिहिलं. मास्तर मटकन बाकावर बसले.

इतक्यात गल्लीगल्लीतून जेवणाचे डबे हलवत अख्खी वस्ती निवांत येऊन फलाटावर उभी राहिली.

"गाडी कुठंय?" शिंप्यानं विचारलं.

"गेली," मास्तर म्हणाले. "आज घड्याळ खरं बोललं."

"आणि आमचे जावई?"

"ते वेळेवर गेले."

साहेब मोजायला लागले. तीनशे बारा. "अहो, एवढी माणसं एका गाडीत मावतात कशी?" त्यांनी 'एक' खोडलं. थांबा राहिला, वर आठ-तीसची दुसरी गाडी मिळाली.

निघताना साहेब हळूच म्हणाले, "मास्तर, ती शिडी जरा धरता का?" आणि काटे स्वतःच्या हातानं पुढे सारले.

आता माझ्या डोक्यावर कबुतरं बसतात, काटे कुरकुरतात. मित्रांनो, माझी काच पुसा, थोडं तेल घाला. फक्त माझी चूक दुरुस्त करू नका. तिच्यावर अख्खं उपनगर वसलंय.