पांढरी बॅच

सूक्ष्मदर्शकाखाली कण अगदी गोल दिसत होता, कडेला कुठे भेग नाही. फक्त तो पांढरा होता. तिने काच बदलून दुसरा नमुना लावला. तोही दुधासारखा पांढरा.

सनस्क्रीनमधलं ऊन अडवणारं द्रव्य कातडीत झिरपू नये म्हणून ती ते प्रथिनाच्या कणांत कोंडत असे आणि फळातून काढलेल्या जेनिपिनने ते कण घट्ट करत असे. जेनिपिन प्रथिनाला भिडलं की निळा रंग येतोच. म्हणजे कुणीतरी तिच्या पाठीमागे जेनिपिन बदललं होतं. चाचणीत त्याच्या जागी घातलेल्या रसायनाचं नावही निघालं: ग्लुटाराल्डिहाइड. काम झटपट, पण धुऊनही मागे उरलेलं, पुरळ उठवण्याइतकं.

वडिलांच्या पश्चात कारखाना दादा बघायचा, प्रयोगशाळा ती. दोघांचं पटेना तेव्हापासून वहिनीच तिच्या कानीकपाळी ओरडत होती की, बाई गं, वेगळी हो, तुमचं एका छपराखाली नांदायचं नाही. ती दर वेळी म्हणायची, एवढी बॅच निघू दे, मग बघू.

दादा भरणीच्या खोलीत होता. त्याने नाकारलं नाही. निळसर मलम दुकानदार परत पाठवतात, म्हणाला. तिने रंग झाकायची तोड काढत आणली होती, पण त्याला दम निघत नव्हता.

"लोकांनी काय तोंडाला नीळ देऊन हिंडायचं?"

ट्यूबा भरणाऱ्या बायका खुदकन हसल्या. तीही हसली, जराशी.

"नीळ धुतली की जाते, दादा. पुरळ उठलं तर काय सांगशील? वर 'वनस्पतिजन्य' छापलंयस."

त्यात खोटं काय, असं त्याचं म्हणणं. कोरफडीच्या अर्काचे दोन थेंब आहेतच की. तू फक्त माल पास कर, बाकीचं मी निस्तरतो.

तिने हात लांब करून भरणीच्या यंत्राचं बटण बंद केलं. बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

"चिमे, पुरे झाला हट्ट," दादा आवाज खाली आणून म्हणाला. "घरातलं घरात बोलू."

"घरातलंच बोलतेय. हा माल मी सोडणार नाही. आणि माझी पद्धत घेऊन मी वेगळी होतेय, दादा. आजपासून."