दोन्हीकडून उघडा कोनाडा

‘‘नवं पान चार गळ्यांतून गाऊन होऊ दे, मगच जुन्याला काडी लाव.’’

ताता, म्हणजे वडील, गेले त्याला पाच महिने झाले होते, तरी हे वाक्य एर्मिनियाच्या कानात त्यांच्याच आवाजात यायचं. थोडं खोकत, थोडं दटावत. सांता आना गावात गाणी टिकली ती अशीच. पाद्री आले आणि गेले. पण वाळवीनं पान खाल्लं, की नक्कल करणारा ते दुसऱ्या पानावर उतरवून घ्यायचा. चौघांनी ते गायलं, की जुनं जाळायचं आणि राख देवळामागच्या संत्र्याच्या बुंध्याशी टाकायची. एका गाण्याची दोन पानं गावात राहिली, तर सणाच्या दिवशी अर्धे एक गातात, अर्धे दुसरं, आणि पुढे वर्षभर अबोला. उतरवणाऱ्यानं पानाखाली आपलं नाव घालायचं, तेही गाऊन झाल्यावरच.

एर्मिनियाचे ताता, हनुआरियो चुवे मास्तर, नक्कल करणाऱ्यांच्या त्या रांगेतले शेवटचे. डोळे अधू झाले तसे ते कागद सोडून संगणकावर सूर उतरवू लागले. सांता आनाच्या स्तोत्राचं जुनं पान तर चाळणीसारखं झालेलं. पडलेली भोकं त्यांनी आठवणीतून भरली, आणि भरता भरता पानाचा भुगा झाला. इस्पितळाच्या गाडीत चढताना ते म्हणाले, ‘‘सणाच्या पहाटे सांता आना आईसमोर हे गाऊन घेशील?’’

‘‘घेईन, ताता.’’

आता सण नऊ दिवसांवर आला होता. एर्मिनियानं नऊ दिवसांचं व्रत धरलं होतं. घरातल्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून जप पुरा होईपर्यंत कॉफीचा घोटही नाही. पहिल्या दिवशीचा जप आटोपून, दुपारी सारं गाव आडवं झालं असताना, ती लॅपटॉपपुढे बसली.

ताताचा सुरांचा प्रोग्रॅम पार जुना. तो ज्या संगणकावर चालायचा, तो केव्हाच मेला होता. पण शाळेत संगणक शिकवणाऱ्या ओविदिओ तोमिचानं एक नवल करून ठेवलं होतं. त्या मेलेल्या संगणकाचं सगळं अंतरंग त्यानं लॅपटॉपच्या पोटात जिवंत केलं होतं. खिडकीएवढ्या चौकटीत तो जुना संगणक जागा व्हायचा, स्वतःचं निळं आकाश, स्वतःचं घड्याळ घेऊन. आपण दुसऱ्या कुणाच्या पोटात आहोत, याचा त्याला पत्ताही नसायचा. एर्मिनियाला प्रत्येक वेळी देवळातली मूर्ती आठवायची. सांता आनाच्या कुशीत मारिया, मारियाच्या कुशीत बाळ.

आतल्या आणि बाहेरच्या संगणकात एक सामाईक फोल्डर होतं. त्यातूनच काय ती देवघेव. एर्मिनियानं आतून स्तोत्र उचललं आणि त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवलं. छापण्याजोगं पानही तिथेच काढलं. बाहेर येऊन पाहिलं, तर दोन्ही हजर. जणू भिंतीतून हात घालून कुणी पुढे केली होती.

तिनं बाहेरचं पान उघडलं. चारही आवाज एकामागून एक, हलक्या गळ्यानं म्हटले. एकही सूर चुकला नव्हता. उद्या हे शाळेत छापायला न्यायचं, तर जुनं आणि नवं मिसळायला नको, असं तिच्या मनात आलं. झालं की गाऊन. ती पुन्हा आत गेली, तिथून फोल्डरमध्ये दिसणारं सगळंच ‘जुनं’ निवडलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि पुसून टाकलं.

बाहेर आली, तर फोल्डर रिकामं.

तिनं आतली कचरापेटी उघडली, बाहेरची उघडली. दोन्ही रिकाम्या. शाल ओढून ती तशीच ओविदिओच्या दारात जाऊन उभी राहिली.

‘‘मावशी, या वेळी तर कुत्रीसुद्धा झोपतात,’’ तो डोळे चोळत म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून चपला शोधू लागला.

लॅपटॉपपुढे बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे तुम्ही आतलं पुसलं.’’

‘‘जुनं पुसलं. नवं बाहेर होतं ना.’’

‘‘मावशी, ती दोन नव्हती. ते फोल्डर म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतला कोनाडा, दोन्हीकडून उघडा. पणती एकच. इकडून दिसते, तिकडूनही दिसते. तुम्ही तिकडून फुंकर मारलीत.’’

‘‘आणि आत मूळ जागी?’’

‘‘तिथून तर तुम्हीच उचलून आणलंत.’’

‘‘पण गाऊन झालं होतं,’’ एर्मिनिया म्हणाली.

‘‘कुणी गायलं?’’

‘‘मीच. चारही आवाज.’’

‘‘एका गळ्यानं चार वेळा?’’ ओविदिओ हळूच हसला. ‘‘मी असं केलं असतं, तर मास्तरांनी कान पिळले असते. तुम्ही लेक, म्हणून सुटलात.’’

‘‘सुटले कुठे,’’ ती म्हणाली. तिची नजर मेणबत्तीकडे गेली. चार गळे म्हणजे चार माणसं. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट. घाईत तिनं देवाशीच हातचलाखी केली होती.

ओविदिओ खुर्ची पुढे ओढून काहीतरी शोधत होता. ‘‘मास्तरांना पुरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथे आलो होतो, आठवतं? त्यांनी आतला संगणक बंद केला नव्हता. होता तसाच निजवला होता. मला तो उठवायचा धीर झाला नाही. म्हणून त्या क्षणी आत जे जे होतं, त्या सगळ्याचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला. नुसती आठवण म्हणून.’’

‘‘फोटो?’’

‘‘फोटोत माणूस हलत नाही, मावशी. हा उठतो.’’

त्यानं बटण दाबलं. आतली चौकट काळी झाली, आणि मग एकदम उजळली.

तिथे फेब्रुवारी महिना होता. कोपऱ्यातल्या घड्याळात दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. पडद्यावर स्तोत्र उघडंच होतं, ताताच्या हातचं, चारही ओळी भरलेल्या. त्या दुपारी गाडी दारात आली होती आणि ती त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. या चौकटीत ती दुपार अजून सरली नव्हती. मधले पाच महिने, ते दफन, तिचा आजचा गुन्हा, यातलं काहीच अजून घडलं नव्हतं. एर्मिनियानं नकळत शाल डोक्यावरून घेतली, देवळात शिरताना घेतात तशी.

श्वास घ्यावा तेवढा वेळ गेला. मग घड्याळाला जाग आली आणि ते एका उडीत जुलैत आलं.

‘‘त्याला बाहेरची वेळ कळली,’’ ओविदिओ म्हणाला. त्याचाही आवाज खाली आला होता.

स्तोत्र मात्र जागेवरच होतं. शेवटच्या सुराखाली ताताच्या हातची एक ओळ होती, ‘हे पान उतरवलं’, आणि त्यापुढे कर्सरची रेघ लुकलुकत होती. नाव नव्हतं.

‘‘लिहायचं राहून गेलं,’’ ओविदिओ म्हणाला. ‘‘घालू का आपण?’’

‘‘राहिलं नाही रे,’’ एर्मिनिया म्हणाली. ‘‘त्यांनी थांबवून ठेवलंय. अजून गायलं कुठे गेलंय ते.’’

ओविदिओनं या वेळी स्तोत्राची नक्कल कोनाड्यात ठेवली. मूळ आत जिथल्या तिथे राहिलं. शाळेत जाऊन छापून आणेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि दक्षिणेचा, इथल्या जुलैतल्या हिवाळ्याचा गार वारा सुटला होता. पानं अजून कोमट होती. एर्मिनियानं ती मूर्तीखालच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळली.

‘‘आणि आतलं जुनं?’’ ओविदिओनं विचारलं. ‘‘ते कधी जाळायचं?’’

‘‘त्याला हात लावू नकोस. सणानंतर बघू.’’ दारात ती थांबली. ‘‘खालचा आवाज तू गायचास ना पूर्वी?’’

‘‘मी? मावशी, माझा आवाज म्हणजे बिजागरी.’’

‘‘तेल घालू. संध्याकाळच्या घंटेला देवळात ये.’’

म्हणजे दोन गळे झाले. उरलेले दोन तिला ठाऊक होते. एक नदीकाठच्या वाटेवर राहायचा, एक बाजाराच्या मागे, आणि त्या दोघांत अकरा वर्षांचा अबोला होता. एर्मिनियानं रुमाल छातीशी धरला, डोकं वाऱ्याकडे किंचित झुकवलं आणि नदीची वाट धरली.